उसाच्या बिलासाठी नऊ महिने

साखर कारखान्यात ऊस मोजणाऱ्या वजनकाट्याची पावती ज्या कागदावर निघते त्यावरची शाई टिकत नाही. खिशातल्या घामानं, खिडकीतल्या उन्हानं दोन महिन्यांत कागद कोरा होतो. म्हणून मामांनी, माझ्या सासऱ्यांनी, सातही पावत्या देवघरातल्या पोथीत घालून ठेवल्या होत्या आणि मी त्यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून आणल्या. सात खेपा, ११८ टन. शेवटची खेप २२ जानेवारी २०१९ ला गेली. पैसे हातात पडून हिशोब मिटायला २१ ऑक्टोबर उजाडला, आणि तो खरं तर अजूनही मिटलेला नाही. त्या नऊ महिन्यांत मी कुठे कुठे गेले आणि काय बघितलं ते लिहितेय. आमच्यासारखी किती तरी घरं दर हंगामात याच वाटेनं जातात.

आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या सीमाभागातले. तालुका, कारखाना, आमदार, कुणाचंच नाव लिहीत नाही. ऊस अजून त्याच कारखान्याला जातो आणि घरात म्हातारी माणसं आहेत. नवरा फौजेत, त्या वर्षी राजस्थानात होता. मी बेळगावात बी.कॉम. केलेलं, त्यामुळे घरातले कागद माझ्याकडे. मामांना मराठी वाचता येतं, कन्नड बोलता येतं, पण कन्नड वाचता येत नाही. आमच्या भागात त्यांच्या वयाचे निम्मे लोक असेच आहेत.

कायदा मी आधी वाचला नव्हता. फेब्रुवारीचा पहिला आठवडा गेला, खात्यावर काही आलं नाही, तेव्हा मोबाइलवर शोधून वाचला. ऊस नियंत्रण आदेश, १९६६. ऊस कारखान्यावर पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले तर वर्षाला १५ टक्के व्याज. तरीही नाही दिले तर जिल्हाधिकाऱ्यांनी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायची, म्हणजे गोदामातली साखर जप्त करण्यापर्यंत. मी ते दोन-तीनदा वाचलं. इतकं स्पष्ट लिहिलेलं असेल असं वाटलं नव्हतं. मामांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "हे आम्हाला धा वर्सं झाली ठाऊक आहे गे. कागदावर हाय."

हिशोब असा होता. त्या हंगामाची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, १० टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला २७५ रुपये, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला २ रुपये ७५ पैसे जादा. आमच्या कारखान्याचा उतारा १०.८, म्हणजे टनाला २,९७० रुपये. तोडणी-वाहतुकीचे ६२० वजा जाता २,३५०. ११८ टनांचे २,७७,३०० रुपये. चौदावा दिवस ५ फेब्रुवारीला भरला.

आणि ३१ मार्चला पीकेपीएसचं, म्हणजे गावच्या शेती सोसायटीचं, दीड लाखाचं पीककर्ज भरायचं होतं. तेव्हा तीन लाखांपर्यंतचं कर्ज बिनव्याजी होतं, पण मुदतीत भरलं तरच. एक दिवस चुकला की ती सवलत गेली आणि पूर्ण व्याज बसलं. म्हणजे कारखान्यानं आमचे पैसे अडकवले की सोसायटीत थकबाकीदार म्हणून नाव आमचं लागतं. मी माझ्या बांगड्या गहाण ठेवल्या, महिन्याला शेकडा एक रुपयानं. मामांना तोडणीच्या टोळीला दिलेली खुशाली आठवत होती, ड्रायव्हरची एन्ट्री आठवत होती. ते वरचे पैसे तर कुठल्याच हिशोबात धरत नाहीत.

कारखान्याच्या शेती ऑफिसला मी चार वेळा गेले. तिथे एकच वाक्य मिळायचं, "नाळे बर्री." उद्या या. पाचव्या वेळी गेले नाही. १८ फेब्रुवारीला बेळगावला जाऊन डीसी ऑफिसच्या, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीच्या, टपाल विभागात अर्ज दिला.

तो अर्ज मी मराठीत लिहून नेला होता. खिडकीवरच्या माणसानं बघितला आणि परत सरकवला, कन्नडमध्ये आणा म्हणाला. गाऱ्हाणं मांडणारा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, हे घटनेच्या ३५० व्या कलमात आहे. मी ते सांगितलं. माझ्यामागे रांग होती, तो मान वर न करता पुढच्याचा कागद घेत होता. शेवटी मागे उभ्या असलेल्या एका कन्नड शेतकऱ्यानंच त्याला त्याच्या भाषेत काही सुनावलं आणि शिक्का पडला. त्या माणसाच्या हातात कसला अर्ज होता? उसाच्या बिलाचाच. दुसरा कारखाना, दुसरा तालुका, तेच दुखणं. बाहेर कँटीनवर आम्ही चहा घेतला. तो म्हणाला, आमचे आमदार आणि तुमचे आमदार विधानसभेत एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण उसाचा दर ठरवायचा असला की एकाच गाडीतून उतरतात.

आमदारांकडे जायला मामा तयार नव्हते. मत त्यांनाच दिलं होतं. २०१८ च्या मे महिन्यात ते आमच्या दारात येऊन गेले होते, तुळशीकट्ट्याजवळ उभं राहून मराठीत बोलले होते. सासूबाईंनी त्यांना ओवाळलं होतं. मामांचं म्हणणं एवढंच होतं की ओवाळलेल्या माणसाकडे मागायला कसं जायचं. मी म्हटलं, मागायला नाही, आपलं आणायला जायचंय.

जाण्याआधी मी एक केलं. निवडणुकीच्या अर्जासोबत उमेदवाराला मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, फॉर्म २६. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे २००३ पासून ते सर्वांना बघायला मिळतं. आमच्या आमदारांचं शपथपत्र मी उतरवून घेतलं. कारखान्याचे शेअर्स पत्नीच्या नावावर. त्याच गटाच्या डिस्टिलरी कंपनीचे शेअर्स स्वतःच्या. भाऊ कारखान्याचा एमडी आहे हे तर सगळ्या तालुक्याला माहीत. माहीत असणं वेगळं आणि सहीशिक्क्याच्या कागदावर आकड्यांसकट बघणं वेगळं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. जिल्ह्यात १८ आमदार आणि वीसच्या वर साखर कारखाने. त्यातले कित्येक पुढाऱ्यांच्या घरातले, आणि पक्ष बघायला गेलं तर सगळ्याच पक्षांच्या. आमदाराचा सरकारशी माल पुरवायचा किंवा कामाचा करार असेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ९अ कलमाखाली आमदारकी जाऊ शकते. पण कारखान्याच्या मालकानं विधानसभेत बसून उसावर बोलायला, अधिकाऱ्यांची बैठक घ्यायला त्या कलमाची आडकाठी नाही.

२५ फेब्रुवारी, सोमवार. बंगल्याच्या पडवीत साठ-सत्तर माणसं होती. कुणाची बदली, कुणाचं दवाखान्याचं पत्र. आमचा नंबर साडेअकराला आला. साहेब चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. मला ताई म्हणाले, मामांना खुर्ची दिली, फौजेतल्या नवऱ्याची चौकशी केली. मी पावत्या आणि हिशोबाचा कागद पुढे ठेवला. त्यांनी तो बघितला आणि बोलायला लागले.

"ताई, आम्ही काय करायचं सांगा. साखर २९ रुपयांनी विकली आम्ही. आत्ता दहा दिवसांखाली केंद्रानं ३१ केली. बँका आम्हाला तारणावर पूर्ण उचल देत नाहीत. एक्स्पोर्टचा कोटा आमच्या गळ्यात. एवढ्यात एफआरपी कुठनं द्यायची आम्ही?"

मी ऐकत होते आणि माझं लक्ष त्या एका शब्दावर गेलं. आम्ही. आमच्या दारात उभं राहून मे महिन्यात ते हाच शब्द म्हणाले होते, "आम्ही शेतकऱ्याची पोरं." मी विचारलं, "साहेब, आम्ही म्हणजे कोण?"

पडवीत जरा शांतता झाली. मामांनी माझ्याकडे बघितलं. साहेब चिडले नाहीत. म्हणाले, "कारखाना टिकला तर शेतकरी टिकतो." मग माझ्यासमोरच फोन लावला, "आमच्या ताई येऊन गेल्यात, बघा जरा," एवढं बोलून ठेवला. बाहेर पडताना मामांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. फोन केला ना, म्हणाले.

साहेब बोलले ते आकडे खरेच होते. साखरेचा किमान विक्री दर जून २०१८ मध्ये किलोला २९ रुपये ठरला आणि १४ फेब्रुवारी २०१९ ला ३१ झाला, तोही शेतकऱ्यांची थकबाकी भागावी म्हणून. त्याच कारणासाठी कारखान्यांना सवलतीचं कर्ज जाहीर झालं, ज्याच्या व्याजाचा भार वर्षभर केंद्रानं उचलायचा होता. कारखान्याच्या कर्जाच्या व्याजाची काळजी दिल्लीपर्यंत पोचते. माझ्या बांगड्यांवरच्या व्याजाचं काय? नियमात आमच्यासाठीही १५ टक्के लिहिलेत, त्यांचा उच्चार त्या पडवीत कुणी केला नाही. आणि एफआरपी कारखान्यागणिक कमी-जास्त होते ती फक्त साखरेच्या उताऱ्यावर. कारखान्यानं मळीपासून होणारं इथेनॉल, बगॅसपासून (उसाच्या चोथ्यापासून) होणारी वीज किती विकली यावर ती वाढत नाही. कर्नाटकात २०१३ चा ऊस खरेदी-पुरवठ्याचा कायदा आहे, उपपदार्थांसकट उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाला मिळावा असं सूत्र त्यात आहे. ते सूत्र साहेबांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

२०१३ म्हटलं की मामा गप्प होतात. त्या नोव्हेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधानसभेचं अधिवेशन चालू असताना रायबाग तालुक्यातल्या एका ऊस शेतकऱ्यानं बाहेर आंदोलनात विष घेतलं आणि तो गेला. मामा त्या आठवड्यात संघटनेच्या लोकांबरोबर तिथे गेले होते. २०१८ च्या नोव्हेंबरात उसानं भरलेल्या गाड्या सुवर्णसौधच्या फाटकातून आत घुसल्या, तेव्हाही ते गेले होते. दोन्ही वेळा थकबाकीचाच विषय होता. त्या पांढऱ्या इमारतीच्या पायऱ्या त्यांनी लांबूनच बघितल्यात.

मार्चच्या १० तारखेला लोकसभेची निवडणूक जाहीर झाली आणि डीसी ऑफिसातला माणूस न् माणूस त्या कामाला लागला. माझ्या अर्जाचं काय झालं विचारलं की आचारसंहिता हे उत्तर. ३१ मार्चचं कर्ज बांगड्यांवर भरलं.

१० एप्रिलला मोबाइल वाजला. टनाला दीड हजारानं १,७७,००० जमा. गावात सगळ्यांनाच आले. मतदान २३ एप्रिलला होतं.

त्या पैशांत खोडव्याचं (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकाचं) खत, मजुरी, सासूबाईंचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं. बांगड्या सोडवायला उरलं नाही. टनाला ८५० रुपये, म्हणजे १,००,३०० बाकीच. मतदान होऊन गेल्यावर त्याबद्दल कुणी चकार शब्द काढेना. मे महिन्यात मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. हा अर्ज मात्र मराठीत चालत नाही. इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा, असं कायदाच सांगतो. शेजारच्या वाडीत कन्नड शाळेचे एक मास्तर आहेत, त्यांच्याकडून कन्नडमध्ये लिहून घेतला. त्यांचंही बिल अडकलेलं, त्याच कारखान्यात.

मी दोन गोष्टी मागितल्या होत्या. आमच्या कारखान्यानं थकबाकी किती कळवली आणि वसुलीसाठी काय कारवाई झाली, त्याच्या नोंदी. अठ्ठाविसाव्या दिवशी पाकीट आलं. मास्तरांनी ओसरीवर बसून एकेक पान मोठ्यानं वाचलं, आधी कन्नडमध्ये, मग मराठीत. कारखान्याला नोटीस निघाली होती. वसुलीचा दाखला तयार करायचा प्रस्ताव होता. आणि त्यानंतरच्या टिपणीत दोन ओळी होत्या, माननीय लोकप्रतिनिधींच्या विनंतीनुसार कारवाई पुढील बैठकीपर्यंत स्थगित. तारीख २८ फेब्रुवारी.

आम्ही बंगल्यावर गेलो त्याला तीन दिवस झाले होते. लोकप्रतिनिधी कोण, ते टिपणीत लिहिलेलं नाही, म्हणून मीही सांगू शकत नाही. मामांनी ते पान हातात घेतलं. वाचता येत नव्हतं तरी बराच वेळ धरून बसले. मग विचारलं, "मग त्यो फोन कुणाला लावलेला?"

पाकिटात आणखी एक कागद होता, कारखान्याचं नोटिशीला उत्तर. त्यात म्हटलं होतं की चौदा दिवसांची अट आमच्या शेतकऱ्यांना लागू नाही, त्यांनी लेखी संमती दिली आहे. सोबत नमुन्यादाखल नोंदीचा फॉर्म. मी नियंत्रण आदेश पुन्हा उघडला. खरंच होतं. चौदा दिवसांच्या त्या वाक्याच्या पोटातच लिहिलंय, दोघांत त्याविरुद्ध लेखी करार नसेल तर. पहिल्या वेळी माझ्या नजरेतून ते सुटलं होतं. ऊस नोंदीचा फॉर्म आमच्याकडे दरवर्षी चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा गावातला माणूस, घेऊन येतो. अकरावी ओळ, बारीक कन्नड अक्षरात, बिल कारखान्याच्या सोयीनं हप्त्यांत घेण्यास माझी संमती आहे. खाली मामांची सही, मराठीत, थरथरत्या हाताची.

मला पहिल्यांदा वाटलं, भाषेमुळे फसलो. मराठीत असतं तर वाचलं असतं. मास्तर म्हणाले, "नाही ओ ताई. मला कन्नड येतं, मी शिकवतो. मीसुद्धा वाचलं नव्हतं. चिटबॉय बांधावर चाळीस फॉर्म घेऊन उभा असतो, सही करा नाही तर तोड मागे जाते म्हणतो. कोण वाचत बसतो?" भाषेचा आमचा प्रश्न खरा आहे, १९५६ पासूनचा आहे, आणि त्या टपालाच्या खिडकीवर तो मी सोसलाय. पण दर निवडणुकीत आमच्या पुढे फक्त तोच प्रश्न ठेवतात आणि कन्नड मतदारापुढे त्याची दुसरी बाजू ठेवतात. अकराव्या ओळीवर मास्तरांची आणि मामांची सही एकाखाली एक असते, ते कुठल्याच सभेत ऐकायला मिळत नाही.

जुलैत सरकार पडलं. २६ जुलैला नवे मुख्यमंत्री आले, मंत्रिमंडळ बनायला २० ऑगस्ट लागला, आणि मधल्या दिवसांत पूर आला. आमच्या खोडव्यात आठ दिवस पाणी होतं. पाणी उतरल्यावर उसाच्या पोंग्यात गाळ भरलेला, पानं करड्या रंगाची, शिवारभर कुजका वास. डीसी ऑफिसला कुणी ऊसबिलाचं नाव काढणं शक्य नव्हतं, आणि मीही काढलं नाही. पुराचे पंचनामे आधी व्हायला हवे होते.

सप्टेंबरात अखेर बैठक लागली. आम्ही अकरा शेतकरी, मास्तर धरून. कारखान्याचा माणूस फॉर्मचा गठ्ठा घेऊन आला होता. मी विचारलं की संमती हप्त्यांची आहे, पण सात महिन्यांची आहे का? आणि हप्ते किती, किती दिवसांचे, हे लिहिण्याची जागा फॉर्ममध्ये कोरी का? अधिकाऱ्यानं तो फॉर्म मागून घेतला, चष्मा लावून वाचला. तोवर तो त्यांनीही पूर्ण वाचला नसावा. महिनाभरात रक्कम द्या, नाही तर दाखला पाठवतो, असं ते म्हणाले. पैसे २१ ऑक्टोबरला आले. बैठकीमुळे आले की नोव्हेंबरात बॉयलर पेटायचा होता आणि नव्या उसाच्या नोंदी हव्या होत्या म्हणून, हे मला ठरवता येत नाही. त्याच आठवड्यात बांगड्या सोडवल्या.

व्याज आलं नाही. चौदा दिवसांच्या नियमानं ५ फेब्रुवारी ते १० एप्रिल ६४ दिवसांचे ७,२९३ आणि पुढे २१ ऑक्टोबरपर्यंत १९४ दिवसांचे ७,९९७. एकूण १५,२९०. त्यासाठी वेगळा अर्ज केला, कन्नडमध्ये, पोच घेऊन. त्याचं उत्तर अजून यायचंय.

ऑक्टोबर संपता संपता चिटबॉय नवे फॉर्म घेऊन आला. गावचाच पोरगा, मला वहिनी म्हणतो. मी अकराव्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, मान्य नाही. तो घाबरला. "वहिनी, खोडलेला फॉर्म घेत न्हाईत ओ. माझी नोकरी जाईल." मला त्याचं वाईट वाटलं, त्याला महिन्याला मिळतात तरी किती. मी मामांकडे बघितलं. मामा खाटेवर बसले होते. त्यांनी पेन मागितलं, रेघेच्या शेजारी सही केली आणि फॉर्म त्याच्या हातात दिला. "आसाच दे. घेतला न्हाई तर मला बोलवायला सांग."

फॉर्म घेतला गेला. पण आमची तोड मागे पडत गेली. शेजारच्या फडाला डिसेंबरात टोळी आली, आम्हाला मार्च उजाडला. पुरानं आधीच मार खाल्लेला ऊस वाळत राहिला. वजन ७१ टन भरलं. मास्तरांनीही रेघ मारली होती, त्यांची तोड आमच्या नंतर.

शेवटची खेप ९ मार्च २०२० ला गेली. पावत्यांच्या झेरॉक्स त्याच दिवशी काढल्या आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर २३ तारखेभोवती गोल केला.